तो लांडगा आमच्या माळावरचा नव्हे

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात आपल्या दैनिकाच्या जिल्हा पानावर इंदापूर तालुक्यातली बातमी होती. मेंढपाळाच्या वाड्यावर, म्हणजे मेंढरांच्या उघड्यावरच्या तळावर, रात्री लांडगे आले, सात कोकरं मेली. बातमी खरी आहे. तो वाडा माझ्या घरापासून दहा-बारा किलोमीटरवर बसला होता आणि मी दुसऱ्या दिवशी तिथं जाऊन आलो. तक्रार फोटोबद्दल आहे. बातमीवर तीन रकाने रुंदीचा फोटो होता: काळपट करड्या रंगाचा, मानेभोवती आयाळीसारखी लव, पाय रोवून उभा असलेला धिप्पाड प्राणी. मागं सुचीपर्णी झाडं. आणि पायाखाली बर्फ.

संपादक साहेब, इंदापुरात बर्फ फक्त रसवंतीवर मिळतं.

माझ्या नातवाला मी तो फोटो दाखवला तर तो म्हणाला, "आजोबा, इंटरनेटवरून उचललाय, चालतं तेवढं." चालत नाही, हे सांगायला हे पत्र. मी पशुसंवर्धन खात्यात एकतीस वर्षं पशुधन पर्यवेक्षक होतो. गावात लोक मला डॉक्टर म्हणतात. मी डॉक्टर नाही, पण एकतीस वर्षांत ते कुणाला पटवता आलं नाही. आमच्या कामात जनावराच्या वजनाला फार महत्त्व. जंताचं औषध वजनावर पाजायचं असतं. कमी पाजलं तर जंत मरत नाहीत, जास्त पाजलं तर मेंढी मरते. त्यामुळं समोर आलेल्या कुठल्याही चार पायांच्या प्राण्याचं वजन मनात अंदाजायची मला खोड लागली. बायको म्हणते, दोन पायांच्यांचंही अंदाजता.

फोटोतल्या त्या प्राण्याचं वजन पन्नास किलोच्या खाली नसावं. आमच्या माळावरचा लांडगा वीस किलोचा असतो.

हे मी ऐकीव सांगत नाही. 1994 च्या उन्हाळ्यात पुणे-सोलापूर रस्त्यावर ट्रकच्या धडकेनं एक लांडगा मेला. शवविच्छेदनासाठी आमच्या दवाखान्यात आणला. चिरफाड अर्थातच पशुवैद्यकीय अधिकारी साहेबांनी केली. मी दोरी, बादली आणि वही सांभाळत होतो. सोबत आलेल्या वनरक्षकाशी माझी पैज लागली. तो म्हणाला, चाळीस किलो. मी म्हणालो, पंचवीस. पैज एक चहा आणि एक प्लेट भजी. लोकर तोलायचा काटा होता, त्याला गोणपाटात घालून टांगला. साडेवीस किलो. खांद्यापाशी उंची 66 सेंटीमीटर. नर, पूर्ण वाढलेला, सुळे झिजलेले, म्हणजे पोरगेला नव्हता. पोटात थोडे केस आणि हाडाचा चुरा, बाकी काही नाही. माझाही अंदाज साडेचार किलोनं चुकला होता, आणि मी तर त्या वेळी आठवड्याला शंभर-दीडशे मेंढरं हाताळत होतो.

चूक का झाली ते काटा बघितल्यावर लक्षात आलं. लांडग्याचे पाय उंच असतात, डोकं अंगाच्या मानानं मोठं असतं, आणि मधलं धड म्हणजे जवळजवळ नुसतीच फळी. छाती इतकी अरुंद की पुढचे दोन्ही पाय एकमेकांना चिकटल्यासारखे दिसतात. उभा असताना तो मोठा दिसतो, उचलला की हलका लागतो. पुस्तकातले आकडे मी नंतर पाहिले. भारतीय लांडग्याचा नर साधारण 19 ते 25 किलो, मादी 17 ते 22 किलो, उंची 57 ते 72 सेंटीमीटर. म्हणजे आमचा साडेवीसवाला काही खुरटलेला नव्हता, चांगला बेताचा होता.

आता उत्तरेकडं बघा. युरोपातला लांडगा चाळीस किलोच्या आसपास भरतो. कॅनडाच्या वायव्य भागात आणि अलास्कात पन्नास-साठ किलोचे नर नवलाचे नाहीत. अलास्कात 1939 साली मारलेल्या एका लांडग्याचं वजन 79.4 किलो नोंदलेलं आहे. म्हणजे त्या एकात आमचे जवळजवळ चार बसले. (अशा विक्रमी वजनांबाबत माझी एक बारीक शंका असते. मोठा लांडगा एका बैठकीत नऊ-दहा किलो मांस खाऊ शकतो. तोलायच्या आधी तो जेवला होता का, हे कुणी लिहून ठेवत नाही. आमच्याकडं बाजारात बकरं विकायच्या आधी पाणी पाजतात, तशातली गत.)

आता कुणी म्हणेल, डॉक्टर, लांडगा तो लांडगा, वीस किलो काय नि साठ काय, कोकरं तर मेलीच. तर त्याबद्दल एक हकिगत सांगतो. तालुक्याचं आणि माणसांचं नाव लिहीत नाही, कारण त्यांना तिथंच राहायचं आहे.

माझ्या ओळखीचे एक म्हातारे मेंढपाळ आहेत, आम्ही त्यांना आबा म्हणतो. त्यांच्या वाड्यावर दोन वर्षांपूर्वी रात्री लांडगे आले आणि चार कोकरं गेली. वन खात्याकडून नुकसानभरपाई मिळते. लांडग्यानं मारलं तर मिळते, बिबट्यानं मारलं तर मिळते, मोकाट कुत्र्यांनी मारलं तर मिळत नाही. म्हणून पंचनाम्यात कुणी मारलं ही ओळ पैशाची असते. आबा पहाटेच उरलेली मेंढरं घेऊन पुढं गेले होते, कारण मेंढरं पंचनाम्यासाठी उपाशी थांबत नाहीत. जबाब द्यायला मागं राहिला त्यांचा मुलगा. तो बारामतीला कंपनीत कामाला, सणासुदीला वाड्यावर येणारा. त्यानं अंधारात काहीतरी पळताना पाहिलं होतं, आणि बाकीचं मोबाइलवर पाहिलं होतं. विचारलं, केवढं होतं जनावर? तर म्हणाला, कालवडीएवढं, काळं, मानेवर केस.

लिहिणाऱ्यानं तसंच लिहून घेतलं. पुढं कुठल्याशा टेबलावर कुणीतरी ते वाचलं आणि म्हटलं, या वर्णनाचा वन्यप्राणी या भागात नाही. मोकाट कुत्री असावीत. प्रकरण मिटलं. त्या टेबलावरच्या माणसाला मी सर्वस्वी दोष देत नाही. वर्णन खरोखरच आपल्याकडच्या कुठल्या प्राण्याचं नव्हतं. ते वर्तमानपत्रातल्या फोटोचं होतं.

आबांना हे कळलं तेव्हा ते लेकावर संतापले नाहीत. मला म्हणाले, "डागदर, लांडगं माझ्या मांडीएवढं आस्तंय. मातीच्या रंगाचं. बसलं तर धोंडा का लांडगं कळत न्हाय. ह्या बाबानं सिंव्ह लिवून दिला."

सत्तर वर्षं ज्यांनी लांडगा पाहिला त्यांच्या तोंडून एका ओळीत पूर्ण वर्णन आलं आहे. उंची, रंग, सवय. आपल्या उपसंपादकांनी ते चौकटीत छापावं इतकं ते चोख आहे.

आमचा लांडगा लहान का, याचं उत्तर अर्धं हवामानात आहे आणि अर्धं ताटात. हवामानाचं असं. कळशीभर गरम पाणी आणि वाटीभर गरम पाणी शेजारी ठेवा, वाटीतलं आधी निवतं. मोठ्या वस्तूचा पृष्ठभाग तिच्या आकारमानाच्या मानानं कमी, म्हणून तिची ऊब टिकते. उणे चाळीसात जगणाऱ्याला कळशी व्हावं लागतं. मे महिन्यात बेचाळीस अंशांत सोलापूरजवळच्या नन्नजच्या माळावर धावणाऱ्याला वाटी असलेलं बरं. कार्ल बर्गमन नावाच्या जर्मन शास्त्रज्ञानं 1847 साली हा नियम मांडला. एकाच जातकुळीतले उष्ण रक्ताचे प्राणी थंड मुलखात मोठे, गरम मुलखात लहान. अरबस्तानातल्या वाळवंटातला लांडगाही आमच्यासारखाच, वीस किलोच्या आसपास. तिबेट आणि लडाखकडचा मात्र पस्तीस किलोपर्यंत जातो, आणि अंगावर लोकरीसारखी दाट लव बाळगतो. एका देशात दोन मापांचे लांडगे आहेत आपल्याकडं.

पण नुसत्या थंडीनं लांडगा मोठा होत असता तर सगळ्यात मोठा लांडगा उत्तर ध्रुवाजवळच्या बेटांवर सापडला असता. तसा तो सापडत नाही. तिथला पांढरा लांडगा अलास्कातल्या लांडग्याहून लहानच असतो. तिथं खायला कमी. अलास्कात आणि कॅनडात मूस नावाचं सांबराच्या कुळातलं जनावर आहे, पाचशे-सहाशे किलोचं. बायसन म्हणजे तिकडचे रानगवे आहेत. ते पाडायला वजन लागतं, जबडा लागतो, मोठा कळप लागतो. आमच्याकडं काय? काळवीट, तो पस्तीस-चाळीस किलोचा. चिंकारा त्याहून हलकी. ससा, उंदीर, घोरपड. आणि शेळी-मेंढी. यांच्यामागं पळायला वजन नको, वेग आणि दम हवा. रेहेकुरी अभयारण्यातल्या काळविटामागं साठ किलोचं धूड सोडलं तर ते अर्ध्या रानात धापा टाकत बसेल.

या वजनाच्या हिशेबात मला फार आवडलेली एक गोष्ट आहे. 1999 साली नेचर या नियतकालिकात मांसाहारी प्राण्यांच्या वजनाचा आणि भक्ष्याच्या आकाराचा अभ्यास आला होता. त्याचं सार असं, की वीस-पंचवीस किलोच्या खालच्या मांसाहारी प्राण्याला उंदीर, किडे, ससे यांवर भागवता येतं. त्याच्या वरच्याला एवढ्याशा घासांमागं धावण्यात जेवढी शक्ती जाते तेवढी मिळत नाही. त्याला मोठी शिकारच करावी लागते. आमचा लांडगा नेमका त्या उंबरठ्यावर उभा आहे. एक पाय आत, एक बाहेर. काळवीट मिळालं तर काळवीट, नाही मिळालं तर ससा, तेही नाही तर पोल्ट्रीवाल्यांनी माळावर टाकलेल्या मेलेल्या कोंबड्या. मी स्वतः पाहिलं आहे त्याला त्या खाताना. साठ किलोच्या लांडग्याला हा संसार झेपला नसता. माळ नांगरले गेले, ऊस आला, प्लॉट पडले, तरी हा अजून आहे, त्यात त्याच्या वीस किलोंचा वाटा आहे असं माझं मत आहे.

आणि हा लहान म्हणजे मोठ्या लांडग्याची कमअस्सल आवृत्ती, असंही कुणी समजू नये. या लांडग्याला शास्त्रीय नाव मिळालं तेच मुळी आपल्या दख्खनमधून. मुंबई सरकारच्या नोकरीत दख्खनची पाहणी करणाऱ्या विल्यम हेन्री साइक्स या अधिकाऱ्यानं 1831 साली इथल्या सस्तन प्राण्यांची यादी प्रसिद्ध केली, त्यात याचं वर्णन आहे. नाव ठेवलं पॅलिपेस, म्हणजे फिकट पायांचा. मातीच्या रंगाचा म्हणणारे आबा आणि फिकट पायांचा म्हणणारा साइक्स, दोघांनी एकच पाहिलं होतं. 2021 साली झालेल्या जनुकीय अभ्यासात तर भारतीय लांडगा हा जगातल्या लांडग्यांच्या अतिशय जुन्या शाखांपैकी एक असल्याचं दिसलं. बर्फातल्या फोटोवाल्यांपेक्षा याचं घराणं जुनं. देशात आता तीन हजारांच्या आसपास उरलेत. वाघांच्या जवळपास एवढेच. पण वाघाच्या बातमीवर आपण कधी सिंहाचा फोटो छापला नाही.

आता कुत्र्यांकडं येतो, कारण गोंधळाची दुसरी बाजू तिथं आहे.

माझा मुलगा पुण्यात राहतो. त्याच्या सोसायटीत एकाकडं अलास्कन मॅलम्यूट जातीचा कुत्रा आहे, ब्रूनो नावाचा. मालक सज्जन आहेत, पण ब्रूनोबद्दल बोलताना त्यांचा आवाज बदलतो. मला म्हणाले, "काका, याच्यात वुल्फ ब्लड आहे." मी विचारलं, वजन किती? म्हणाले, एकेचाळीस. मी म्हणालो, मग याच्यात आमचे दोन वुल्फ मावतील. त्यांना ते आवडलं नाही.

मॅलम्यूट हा ओझ्याच्या गाड्या ओढणारा कुत्रा. जातीच्या मानकाप्रमाणं नर साधारण 38 किलो, उंची 63 सेंटीमीटर. म्हणजे उंची आमच्या लांडग्याएवढीच आणि वजन दुप्पट. फरक गेला कुठं? छातीत, हाडांत आणि लवेत. त्याच सोसायटीत सायबेरियन हस्कीही आहे. हस्की हलका, नर साडेवीस ते अठ्ठावीस किलो. म्हणजे ज्याला लोक घरगुती म्हणून कुरवाळतात तो हस्की आणि ज्याच्या नावानं मुलांना भीती दाखवतात तो आमचा लांडगा, दोघं एकाच वजनगटात कुस्ती लढतील. त्या हस्कीला एकदा आंघोळ घालताना मी पाहिलं. ओला झाल्यावर तो निम्मा झाला. मालकीणबाई म्हणाल्या, काका, बघू नका, त्याला लाज वाटते.

जर्मन शेफर्ड, ज्याला आपल्याकडं अजून अल्सेशियन म्हणतात, त्याचा नर तीस ते चाळीस किलो. तोही आमच्या लांडग्याहून जड. 1899 साली श्टेफानिट्झ या घोडदळातल्या अधिकाऱ्यानं ही जात नोंदवली. दिसायला सगळ्यात लांडग्यासारखा म्हणून पुढं याच्याशीच लांडग्याचा संकर करायचे प्रयोग झाले. हॉलंडमध्ये लेंडर्ट सार्लोस नावाच्या माणसानं 1930 च्या दशकात शेफर्ड नर आणि लांडग्याची मादी यांच्यापासून सुरुवात केली. त्याला कामाला जास्त काटक कुत्रा हवा होता. झालं उलटं. पिल्लं निघाली बुजरी, अनोळखी माणूस दिसला की मागं सरकणारी. लांडग्याचं रक्त म्हणजे शौर्य अशी ज्यांची समजूत आहे त्यांनी हे लक्षात घ्यावं. लांडगा माणसाला भितो, म्हणून तर टिकला. ती जात 1975 मध्ये मान्य झाली, तोवर सार्लोस हयात नव्हता. दुसरा प्रयोग चेकोस्लोव्हाकियात 1955 मध्ये सरहद्दीवरच्या पहाऱ्यासाठी झाला. कार्पेथियन डोंगरातली लांडगीण, नाव ब्रिटा, आणि शेफर्ड कुत्रा. त्यातून निघालेल्या जातीचं मानक मोठं मजेशीर आहे. त्यात वजनाची कमाल मर्यादा दिलेली नाही, किमान दिली आहे: नर निदान 26 किलो, मादी निदान 20. म्हणजे माळावरचा आमचा अस्सल लांडगा त्या स्पर्धेत उतरवला तर वजन कमी म्हणून बाद होईल!

लांडग्यासारखा दिसणारा कुत्रा लांडग्याहून मोठा का निघतो, याचं कारण सरळ आहे. त्याला रोज ताटात मिळतं, पळावं लागत नाही, आणि माणसाला मोठाच हवा असतो. माणसानं लहानही करून पाहिला, दोन किलोच्या चिवावापर्यंत. एवढा फरक पृथ्वीवरच्या दुसऱ्या कुठल्या सस्तन जातीत नसेल. पूर्वी समज असा होता की लहान आकाराचं हे जनुक माणसानं कुत्रा पाळल्यानंतर आलं. 2022 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात कुत्र्याला लहान ठेवणारा तोच जनुकीय बदल सायबेरियातल्या 54 हजार वर्षांपूर्वीच्या लांडग्यात सापडला. तेव्हा कुत्रा ही चीज अस्तित्वातच नव्हती. म्हणजे लहान होण्याची सोय लांडग्याच्या गाठीला आधीपासून होती. माणसानं फक्त गाठ सोडली.

घरच्या उदाहरणाशिवाय राहवत नाही म्हणून मुधोळ आणि कारवानी कुत्र्यांचं एक वाक्य लिहितो. हे उंचीनं लांडग्याच्या बरोबरीचे, कधी काकणभर वरचढ, वजनानंही तेवढेच, आणि अंगाची ठेवणही तीच: उंच पाय, खोल पण अरुंद छाती, आत गेलेलं पोट. त्यांना कुणी लांडग्यासारखा कुत्रा म्हणत नाही, कारण त्यांच्या मानेवर आयाळ नाही. पण दख्खनच्या माळावर पळायला काय लागतं ते या दोघांच्या अंगावर सारखंच लिहिलेलं आहे.

या सगळ्या गोंधळाचा परिणाम दोन्ही बाजूंनी होतो. कुणाचा तरी हस्की सुटून गावाकडच्या रस्त्यावर दिसला की "लांडगा, लांडगा" म्हणून लोक दगड घेऊन धावतात. आणि खरा लांडगा ओढ्याच्या काठानं शेपूट खाली सोडून शांतपणे गेला, तर "कोल्हं होतं", "गावठी कुत्रं होतं" म्हणून कुणी मान वर करत नाही. 2024 च्या मार्चमध्ये आमच्याच, म्हणजे केंद्राच्या पशुसंवर्धन विभागानं धोकादायक म्हणून 23 कुत्र्यांच्या जातींवर बंदी घालायचं परिपत्रक काढलं, त्यात एक नाव नुसतंच "वुल्फ डॉग" असं होतं. कुठला वुल्फ, कुठला डॉग, पत्ता नाही. पुढं कर्नाटक उच्च न्यायालयानं ते परिपत्रक रद्द केलं, तो विषय वेगळा. त्याच वर्षीच्या पावसाळ्यात उत्तर प्रदेशातल्या बहराइच जिल्ह्यात लांडग्यांच्या हल्ल्यांत माणसं गेली, त्यात बहुतेक लहान मुलं. ते दुःख खरं आहे आणि मी ते हलकं करत नाही. वीस किलोचं जनावर लहान मुलाला पुरून उरतं. पण त्या दिवसांत आमच्या गावच्या व्हॉट्सअॅपवर जे फोटो फिरले ते सगळे बर्फातल्या लांडग्यांचे होते. भीतीचं पीक चांगलं आलं, आणि पहारा करणाऱ्याला नेमकं कशावर नजर ठेवायची ते कळलं नाही.

ओळखायचं कसं, हे आपल्या वाचकांसाठी थोडक्यात लिहितो, कारण मला बरेच जण विचारतात. आकारावर जाऊ नका; अंधारात आणि भीतीत आकार दुप्पट दिसतो. शेपूट बघा. लांडग्याची खाली लोंबते, कुत्र्याची बहुतेक वेळा वर वळते. चाल बघा. लांडगा एका ओळीत, मान खांद्याच्या पातळीला ठेवून, कामाला निघाल्यासारखा जातो. कुत्रा चार ठिकाणी हुंगत, वाकडातिकडा. आणि वाड्यावर काय उरलंय ते बघा. लांडगा कोकरू उचलून पळवतो, तोंडात धरून, आणि फार थांबत नाही. एकाच जागी दहा मेंढरं फाडून, न खाता, कुणाचा पाय, कुणाची मागची बाजू चावलेली टाकली असतील तर मला आधी मोकाट कुत्र्यांचा संशय येतो. अपवाद असतात. म्हणून तर पंचनामा करणाऱ्यानं जागेवर जायचं असतं.

हे मोकाट कुत्रे लांडग्याच्या पोटावर आले आहेतच, आता वंशावरही आले आहेत. पुण्याच्या आसपासच्या माळावर पिवळसर रंगाचे वेगळेच लांडगे दिसायला लागले. 2023 मध्ये जनुकीय तपासणीवरून ते लांडगा आणि कुत्रा यांचा संकर असल्याचं सिद्ध झालं. कुत्र्यांमधला डिस्टेंपर हा साथीचा रोगही लांडग्यांना होतो. युरोपात लोक पैसे खर्चून लांडगा-कुत्रा तयार करतात, आमच्याकडं तो उकिरड्याकाठी फुकट तयार होतोय, आणि त्याच्यापुढं आकार, रंग, पंचनामा सगळंच कोलमडणार आहे. यावर कुणीतरी जाणकारानं आपल्या रविवारच्या पुरवणीत सविस्तर लिहावं. माझा अभ्यास तेवढा नाही.

पत्र लांबलं. माझी मागणी छोटी आहे. लांडग्याची बातमी आली की माळावरच्या लांडग्याचा फोटो छापा. नसेल तर छायाचित्रकाराला पहाटे कडबनवाडीला किंवा शिरसुफळला पाठवा. वन खात्यानं 2024 पासून तिथं गवताळ माळावरची सफारी सुरू केली आहे, परवानगी रीतसर मिळते. काहीच जमलं नाही तर फोटो छापू नका. त्या जागेत मजकूर चार ओळी वाढवा, आम्ही वाचू. आबांच्या लेकासारखी जबाबाला उभी राहणारी पोरं आपलाच अंक वाचून मोठी होतात. आणि छापलाच परदेशी लांडगा, तर खाली बारीक अक्षरात तसं लिहा.

माझं नाव व पत्ता आपल्या माहितीसाठी वेगळ्या कागदावर दिला आहे. आबांचं प्रकरण ओळखू येऊ नये म्हणून तो छापू नये ही विनंती. सोबत 1994 च्या वहीतल्या पानाची झेरॉक्स जोडली आहे. वजन, उंची, दातांची नोंद आहे. समासात "चहा-भजी येणे" असं लिहिलेलं दिसेल. ते येणं अजून वसूल झालेलं नाही. आपला अंक वाचत असाल तर, वनरक्षक साहेब, मी इंदापुरातच असतो.

आपला,
एक जुना वाचक
(सेवानिवृत्त पशुधन पर्यवेक्षक), ता. इंदापूर, जि. पुणे